धूर एक, कागद दोन

मी कागदाचा माणूस. सारं आयुष्य आदिलाबाद जिल्ह्यात सरकारी कारकुनी करण्यात गेलं. पहाणी, दरखास्त, रुजुवात असले शब्द निजाम मागे ठेवून गेला; आम्ही ते तेलुगूत लिहितो आणि समोरच्याला मराठीत समजावून सांगतो. इतकी वर्षं असं केलं की डोक्यात एक खूळ शिरतं. कागद नीट असला म्हणजे सगळं नीट आहे, असं वाटायला लागतं. माझ्या डोक्यात ते चांगलंच शिरलं होतं, आणि ते काढलं माझ्या धाकट्या बहिणीनं, आरटीओच्या मैदानात, चारचौघांसमोर. त्या दिवशी मला तिचा इतका राग आला होता की तिला तिथंच सोडून बसनं घरी यावंसं वाटलं होतं.

बहीण माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. तिला आम्ही पैनगंगेपलीकडे दिली होती, यवतमाळ जिल्ह्यात. नवऱ्याची डिझेलची तीनचाकी ऑटो होती. तो दोन वर्षं आजारी होता, तेव्हा त्याला दवाखान्यात न्यायला म्हणून ती ऑटो चालवायला शिकली, आणि मग त्याच ऑटोत सवारी बसवून तिनं घरही चालवलं. नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. सासरची माणसं वाईट नव्हती, पण तिचं मन तिथं लागेना. एक दिवस सकाळी आमच्या विहाराजवळ ऑटोचा फटफट आवाज आला, बाहेर येऊन बघतो तर बाईसाहेब स्वतः गाडी चालवत नदीचा पूल ओलांडून आमच्या गावी, तामसीपर्यंत आलेल्या. मागच्या सीटवर एक ट्रंक, एक गादी. माहेरी येणारी बहीण एसटीतून उतरते, आपण तिची पिशवी घ्यायला पुढं होतो, असा माझा आपला समज. मी पिशवी घ्यायला हात पुढं केला तर तिनं माझ्या हातात डिझेलचा कॅन दिला.

"दादा, राहायले आली," ती म्हणाली. "पण बसून खायले नाई."

तिचा बेत तयार होता. आमच्या गावातल्या सहा-सात बाया भाजी घेऊन आदिलाबादच्या रयतु बाजारात, म्हणजे शेतकरी बाजारात, बसतात. पहिली बस येईपर्यंत बाजार अर्धा होऊन जातो. शिवाय इकडं बायांना बस फुकट आहे, त्यामुळे बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते, मग टोपल्यांना कोण विचारतो! त्यांच्यातली एक म्हातारी, जिचा आवाज गावाच्या दुसऱ्या टोकाला जातो, ती अंगणात येऊन सांगून गेली, "बस फुकट हाय वं माय, पण कंडक्टर टोपले चढू देत नाई. तुही गाडी पक्की होत असन तर आमी पुढच्या एक तारखेपासून तुह्यासंग. नाई तर बाजूच्या गावचा ऑटोवाला मांगं लागूनच राह्यला." बहिणीनं तिला शब्द दिला. हातात तीन आठवडे होते.

गाडी पक्की होणं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. म्हणूनच मला घाम फुटला.

पैनगंगा उन्हाळ्यात गुडघाभर असते. पण तिच्या या काठाचा कायदा त्या काठाला लागत नाही. तिकडं बायांना अर्धं तिकीट, इकडं पूर्ण माफ. तिकडचा जातीचा दाखला इकडं चालत नाही, इकडचा तिकडं. गाडीचंही तसंच. एमएच नंबरची ऑटो इकडं धंद्याला लावायची तर आधी तिकडच्या आरटीओचा नाहरकत दाखला, मग इकडची तपासणी, मग इकडचा नंबर. दाखला मिळाला की गाडी तिकडच्या दप्तरातून निघाली. इकडच्या दप्तरात चढते ती पास झाल्यावर. मधल्या दिवसांत ती कोणाचीच नसते. तो दाखला हातात आला तेव्हा मी बहिणीला हे सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे माह्यासारखीच हाय."

तू आमची आहेस, एवढं तरी मी तिला म्हणायला हवं होतं.

उलट मी काय केलं, तर तिच्या दिराला फोन केला. त्याला ती ऑटो हवी होती, त्यानं आधीच तसं बोलून दाखवलं होतं, भावही रास्त देत होता. मी त्याला म्हणालो, "थांबा थोडं. इकडं पास झाली तर झाली, नाई तर तुमीच घ्या." हे बहिणीला माहीत नव्हतं. ऑटो गेली तर ती काय करणार, याचा विचार मी केलाच नव्हता असं नाही. दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला जाईल, आमची आई जायची तशी. आईनं आम्हाला शिकवलं ते पुन्हा त्या ओळीत उभं राहू नये म्हणून. तरी मी फोन केला. आम्हा काठावरच्या माणसांची ही जुनी खोड आहे, दोन्हीकडचं हाताशी असू द्यावं. घरात दोन कॅलेंडरं, एक मराठी, एक तेलुगू. लग्नपत्रिका दोन लिपींत. मोबाईलमध्ये दोन सिम, कारण शेतात एक लागतं आणि नदीकडं गेलं की दुसरं. या खोडीनं आम्हाला अनेकदा तारलंय, म्हणून ती चुकीची असू शकते हे माझ्या कधी मनातच आलं नाही.

तयारी मात्र झकास चालली होती. बहीण ऑटोखाली आडवी व्हायची आणि तिथून मला हुकूम सोडायची. गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला चासी नंबर कागदावर उतरवायचा असतो. नंबरावर कागद धरायचा आणि वरून पेन्सिल घासायची, मग अक्षरं उमटतात. मी म्हटलं, हे काम कारकुनाचं. अर्ध्या तासानं माझा पांढरा सदरा ग्रीसनं बरबटला होता आणि कागदावर चार आकडे आणि माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. "सरका," म्हणून तिनं दोन मिनिटांत अख्खा नंबर उतरवला. ब्रेक तिनं स्वतः कसले, एअर फिल्टर झटकून साफ केला, चारी बाजूंना चमकणाऱ्या पट्ट्या लावल्या. पेंटर म्हणाला, इकडं मालकाचं नाव-गाव गाडीवर तेलुगूत असलेलं बरं. तेव्हा पाठीमागं मराठीत नवऱ्याचं नाव होतं. तिनं ते खोडायच्या आधी हातानं पुसल्यासारखं केलं, मग पेंटरला म्हणाली, "लिवा माहं." तेलुगू तिला शाळेत होतं तेवढंच. ती समोर उभी राहून एकेक अक्षर लावत आपलं नाव वाचत राहिली, आणि पूर्ण लागल्यावर लहान पोरीसारखी हसली.

मग आदिलाबादला जाऊन धुराची तपासणी झाली. रस्त्याच्या कडेला व्हॅन उभी असते, त्यातला माणूस सायलेन्सरमध्ये नळी घालतो, गाडी रेस करायला लावतो, आणि यंत्र आकडा सांगतं. आकडा हद्दीच्या आत आला, पण काठावर. कागद मिळाला. बहीण खूश. मी नाही.

मला रात्रंदिवस तो आकडा दिसायला लागला. इन्स्पेक्टरनं काठावरचा आकडा बघून नाक मुरडलं तर? गाडी जुनी, बाहेरच्या राज्यातली, चालवणारी बाई. शिवाय माझ्या कारकुनी डोक्यात एक शंका आली, की नवीन नंबर मिळेपर्यंत गाडीवर पाटी तिकडचीच ना? मग धुराचा कागदही तिकडचा नको का? नदीपलीकडं माझ्या ओळखीचा एक माणूस अशीच व्हॅन चालवायचा. त्याला फोन केला. तो म्हणाला, "गाडी काऊन आणता एवढ्या दूर? नंबर पाटीचा फोटो पाठवा न." मी फोटो पाठवला. संध्याकाळपर्यंत कागद आला, वर आकडा असा की वाचून गार वाटावं. मी तो छापला आणि फाईलमध्ये पहिल्या कागदाच्या मागं लावून टाकला. बहिणीला सांगितलं नाही. तिनं आधीच एकदा बजावलं होतं, की तिकडं तिच्या नवऱ्यानं असले फोटोवरचे कागद कधी घेतले नव्हते, आणि ती पण घेणार नाही. मला वाटलं, पुस्तकी बोलणं आहे, फाईल मला कळते.

तपासणीच्या दिवशी मैदानात गाड्यांची रांग लागली होती. ट्रॅक्टर, मालवाहू, शाळांच्या पिवळ्या बस. ऑटोंच्या रांगेत चालकाच्या जागी बसलेली बाई एकटी आमचीच. इन्स्पेक्टर चाळिशीचा, मंचेरियलच्या कोळसाखाणींकडचा, मराठी अजिबात नाही, पण हिंदी चांगलं. त्यानं आधी दिवे बघितले, हॉर्न वाजवला, मग तिला म्हणाला, गाडी तिथपर्यंत न्या आणि जोरात ब्रेक मारा. तिनं असा ब्रेक मारला की शेजारच्या ट्रॅक्टरवाल्यानं मान डोलावली. मी फाईल पुढं केली. मला तिचा अभिमान वाटत होता, आणि फाईलचा त्याहून जास्त.

त्यानं एकेक पान उलटलं. धुराच्या कागदावर आला, पुढचं पान उलटलं, परत मागं आला.

"ये क्या है जी? गाडी एक, कागज दो?"

मी माझं तर्कशास्त्र सांगितलं. गाडी तिकडची पण उभी इकडं, म्हणून दोन्हीकडचे. तो शांतपणे ऐकत होता. मग त्यानं दोन्ही कागद शेजारी धरले.

"तारीख में चार दिन का फरक. इसमें इतना धुआँ, और इसमें इतना कम कि शोरूम की गाडी शरमा जाए. मैं कोयलेवाले गाँव का हूँ, धुएँ के बारे में मेरेकू मत सिखाओ. सच्चा कौन सा है?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे उत्तर तयार होतं. फिल्टर साफ केला म्हणून धूर कमी झाला, असं मी सांगणार होतो, आणि ते सहज खपलंही असतं. तेवढ्यात बहीण गाडीतून खाली उतरली. तिनं इन्स्पेक्टरच्या हातातला कागद वाचला. माझ्याकडं बघितलं. मग त्याला म्हणाली, तिच्या मोडक्या हिंदीत, "साब, ये झूठा है. गाडी उधर गई ही नहीं. मेरे भाई ने लाया. ये पहलावाला सच्चा है. आप गाडी देखो."

मैदानातला सगळा आवाज बंद झाला असं मला वाटलं. खरं तर काही बंद झालं नव्हतं, एक बस रिव्हर्स घेत होती. पण माझे कान लाल झाले. मोठा भाऊ, सरकारी माणूस, आणि धाकटी बहीण परक्या माणसासमोर म्हणते, माझ्या भावानं खोटा कागद आणला. मी मराठीत ओरडलो, "अवं, तोंड बंद ठेवलं असतं तर पास झाली असती न गाडी!"

"मंग दर खेपीले तोंड बंदच ठेवा लागलं असतं, दादा," ती म्हणाली. तिलाही भीती वाटत होती. एक तारखेला आठ दिवस राहिले होते, हे तिलाही माहीत होतं.

इन्स्पेक्टरनं दोन्ही कागद फाईलमध्ये ठेवले. गाडी बाजूला लावायला लावली. गेली गाडी, दिराला आता फोन करावा लागणार. पण त्यानं फाटकाबाहेरच्या धुराच्या व्हॅनवाल्याला हाक मारली आणि म्हणाला, "हमारे सामने करो." तिनं त्याला विचारलं, इंजिन आधी गरम करू का. तो पहिल्यांदाच हसला. "करो अम्मा. जिसको ये मालूम है, उसकी गाडी ठीक रहती है."

तिनं मैदानाला दोन चकरा मारल्या. नळी सायलेन्सरमध्ये गेली. व्हॅनवाला हात वर करायचा, ती रेस करायची, हात खाली, सोडायची. असं चार-पाच वेळा. सुरुवातीला एक काळा भपका बाहेर आला आणि मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा इन्स्पेक्टर यंत्राकडं वाकून बघत होता. आकडा हद्दीच्या आत होता. काठापासून चांगला दोन बोटं आत, आणि आधीच्या आमच्या खऱ्या कागदापेक्षाही कमी. पहिल्या तपासणीच्या दिवशी व्हॅनपाशी तासभर थांबून इंजिन थंड झालं होतं आणि व्हॅनवाल्यानं तशीच नळी लावली होती, एवढंच काय ते.

गाडी पास झाली. पण मी सुटलो नाही. इन्स्पेक्टरनं माझ्यासमोर कोरा कागद सरकवला. तो दुसरा कागद फाईलला का लावला, ते लिहून द्या, मग फाईल पुढं जाईल. मी आयुष्यात हजारो लोकांच्या दरखास्ती लिहून दिल्या असतील. कोणाची कशी सुरुवात करायची, शेवटी काय घालायचं, पेन आपोआप चालतं. त्या दिवशी चालेना. तेलुगूत चार ओळी लिहायला मला पाऊण तास लागला. गाडीची तपासणी न करता मिळालेला कागद मी लावला, गाडीच्या मालकिणीला याची कल्पना नव्हती, चूक सर्वस्वी माझी. खाली सही केली.

परत येताना मी मागं बसलो होतो, सवारीसारखा. गाडी तामसीच्या रस्त्याला लागली. कापसाची शेतं दोन्ही बाजूंनी मागं जात होती. मग तिनं मान न वळवता विचारलं, "दादा, तुमाले गाडीवर भरोसा नव्हता का माह्यावर?"

मी म्हटलं, यंत्रावर भरोसा नव्हता. हे खरं नव्हतं, आणि तिला ते कळलं. मला तेव्हाच सांगायला हवं होतं, की तू पडशील अशी मला खात्री होती, म्हणून मी तुझ्या पायाखाली गादी टाकत होतो. आणि ती गादी टाकता टाकता तुलाच पाडत होतो. ती ऑटो इतकी सरळ चालवत होती की मला स्वतःची फार लाज वाटली. दिराला केलेल्या फोनची तर सगळ्यात जास्त. पण घर येईपर्यंत मी तेही सांगितलं नाही.

नवीन नंबर मिळाला. एक तारखेला, उजाडता उजाडता, अंगणात टोपल्याच टोपल्या. मेथी, वांगी, चवळीच्या शेंगा, पालक. बाया सगळ्या एकदम बोलत होत्या. मोठ्या आवाजाची ती म्हातारी पुढच्या सीटजवळची जागा धरून बसली होती आणि कोणाला हलू देत नव्हती. बहीण टपावर चढून टोपल्या दोरीनं बांधत होती. मी खाली उभा राहून, कारकून असल्यामुळे, सगळ्यांना सूचना देत होतो आणि कोणी ऐकत नव्हतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. दिराचा. "काय झालं मंग गाडीचं? एक तारीख झाली. पास नसन झाली तर सांगा, मी येऊन घेऊन जातो." आवाज मोठा होता. टपावरून बहिणीनं तो ऐकला. तिचा दोरीवरचा हात थांबला, आणि तिनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात परतीच्या वाटेवरचा तो प्रश्न परत होता, आणि आता तिला कळलं होतं की मी कागदच नाही तर गिऱ्हाईकसुद्धा दुसरं तयार ठेवलं होतं.

'मग सांगतो' म्हणून फोन बंद करणं अगदी सोपं होतं. मी म्हटलं, "मी तुमाले चुकीचं बोललो होतो, पाव्हणे. माही गाडी नाई, मी कोण विकणारा? मालकीण इथंच हाय, तिलेच विचारा." आणि टाचा उंचावून फोन वर टपावर दिला.

तिनं तो घेतला. तिच्या पायाशी, गाडीच्या पाठीवर, तिचं नाव तेलुगूत चमकत होतं.

"भाऊजी, गाडी इकायची नाई," ती म्हणाली. "पास झाली. खऱ्या कागदावर झाली. आता भाजी बांधून राह्यली, मंग बोलतो."

फोन माझ्याकडं परत आला. मला वाटलं, आता ती रागावेल, आणि तिनं रागवायलाच हवं होतं. ती खाली उतरली, पदरानं हात पुसले, चालकाच्या जागी बसली. म्हातारीला म्हणाली, "आजी, सरका जराशी. दादाले बसू द्या." मग माझ्याकडं न बघता, "बसा लवकर. बाजार उतरवून झाला की कचेरीपाशी सोडतो. अन् सहा महिन्यानं धूर तपासायची तारीख येईन, त्या दिवशी सुट्टी काढून ठेवा. नळी तुमी धरा."

मी म्हातारीच्या आणि वांग्यांच्या मधे अंग चोरून बसलो. तिनं किल्ली फिरवली, आणि इंजिन गरम होईपर्यंत थोडा वेळ तशीच थांबली.